पान एकवीस, मागची बाजू

या, वर या. जिना अरुंद आहे,
खाली ड्रायक्लीनरची वाफ, म्हणून भिंतीला पोपडे.
प्रेस्टविचला साडेसात म्हणजे रात्रच.
कोट राहू द्या अंगात. हीटर नुसता कुरकुरतो.

मी हनोक थळकर. बत्तीस वर्षं
मँचेस्टरच्या बस डेपोत पगारपत्रकं लिहिली.
आमच्या थळला शेमा पाठ होता, शनिवारी घाणा बंद,
आणि नवस फिटला की मलिदा.
तालमूद फक्त नावाला ऐकलेला.
म्हणजे मीही नवशिकाच, तुमच्याआधी तीन वर्षं आलेला.
तीन वर्षांत पानं झाली दीड.
हसा. रबाय ग्रुनवाल्डही हसतात.

हे बघा पान. घाबरू नका.
मलिद्याचं ताट असतं ना, मधे गोड पोह्यांचा ढीग,
कडेने केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी?
तसंच. मधे जुना मजकूर,
कडेने शेकडो वर्षांनी आलेली माणसं,
प्रत्येकाचं काहीतरी म्हणणं.
स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही.
कोण विचारतोय, कोण चिडलाय,
हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही.
म्हणून इथे जोडीने बसायचं, आणि आवाज करायचा.

माझी बायको म्हणायची, काथ्याकूट नुसता.
असेल. पण मी थळला काथ्या कुटताना पाहिलाय.
सोडण कुजवतात खाडीच्या पाण्यात, वास सुटतो,
मग बायका कुटत बसतात दुपारभर.
त्याच्यावरच होड्या बांधलेल्या असतात.

तर विषय: सापडलेल्या वस्तू.
विखुरलेली फळं, विखुरलेली नाणी,
रस्त्यातल्या पेंढ्या, माशांच्या माळा:
ज्याला सापडल्या त्याच्या.
पण अंजिराच्या वडीत खापराचा तुकडा निघाला
तर ती खूण. मग दवंडी पिटा, मालक शोधा.
का? तर खूण आहे तोवर मालक आशा सोडत नाही.

इथवर सोपं. आता पान उलटा.
माणसाचं काही पडलं, आणि त्याला पत्ताच नाही.
त्याने आशा सोडली असं धरायचं का?
एक म्हणतो, धरा. कळलं असतं तर सोडलीच असती.
दुसरा म्हणतो, कळलेलं नाही ना?
मग सोडलेली नाही.

इथे आम्ही अडकलोय.

माझा जोडीदार टोबायस वुल्फसन, कुलूपवाला.
पहिल्याच मंगळवारी टेबलावर थाप मारून म्हणाला,
"किल्ली हरवली हे दारापाशी गेल्यावर कळतं!
तोवर ती माझ्याच खिशात आहे की!"
रबायांनी चष्मा काढला, पुसला,
म्हणाले, दुसऱ्याची बाजू इतकी सोपी करून
मला कुणी सांगितली नव्हती.

गेल्या हिवाळ्यापासून टोबायस
दर मंगळवारी हे पान पहिल्यांदा बघतो.
मला विचारतो, तुम्ही नवीन का?
मी म्हणतो, हो. मग सुरू करतो,
विखुरलेली फळं, विखुरलेली नाणी.
कधी कधी त्या ओळीवर त्याचा हात उठतो,
थाप बसते, किल्ली, दार, खिसा, सगळं जागच्या जागी.
कधी नाही उठत. मी थांबतो. हीटर कुरकुरतो.
मग सांगतो, "एक कुलूपवाला म्हणत होता..."
आणि त्याचं त्याला देऊन टाकतो.

तो ऐकतो नीट, मान तिरकी करून.
म्हणतो, "हुशार दिसतो. येतो का इथे?"

जिन्यावर पाय वाजतायत, तोच असेल.
मुलगी सोडून जाते, नवाला नेते.
तुम्ही उजवीकडे बसा, डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.
नाव सांगा तुमचं, सावकाश.
पुढच्या मंगळवारी परत सांगायचंय.